बेळगावात बिऱ्हाड थाटण्याआधी: सुट्टीत गाडी काढून सीमाभाग कसा पाहावा

पुण्या-मुंबईची बरीच कुटुंबं हल्ली बेळगावकडे राहायला येण्याचा विचार करतात. कुणाचं आजोळ इथलं असतं, कुणाचं काम घरून चालतं, तर कुणाला निवृत्तीनंतर बऱ्या हवेचं आणि मराठी बोललेलं समजेल असं गाव हवं असतं. मग सुट्टीत मुलाबाळांसकट गाडी निघते. राजहंसगड होतो, गोकाकचा धबधबा होतो, कुंद्याचे डबे डिकीत जातात आणि मंडळी परततात. घर घेण्याचा विषय निघाला की कळतं, राहण्याच्या दृष्टीनं फारसं काही पाहिलेलंच नाही.

मी इथलाच. येणाऱ्या नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना माझं एक सांगणं असतं. हा मुलूख हायवे धरून उत्तर-दक्षिण पाहू नका, पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहा. कणकुंबीच्या जंगलात पावसाळाभर ऊन दिसत नाही आणि त्याच जिल्ह्यातल्या अथणीकडे लोक पावसाची वाट बघत बसतात. मधल्या पट्ट्यात माती तांबडीची काळी होते, भाताच्या जागी ज्वारी-मका-ऊस येतो, कानावर पडणारी मराठी हळूहळू मागे पडून कन्नड सुरू होते. तुमचं घर या पट्ट्यात कुठं असावं हे ठरल्याशिवाय प्लॉटचे दर विचारण्यात अर्थ नाही.

कोणत्या सुट्टीत यायचं

माझं मत दिवाळीच्या सुट्टीला. त्याचं कारण शाळा. कर्नाटकात मोठी सहामाही सुट्टी दसऱ्याची असते, त्यामुळे महाराष्ट्रात दिवाळीची सुट्टी चालू असते तेव्हा सणाचे दिवस सोडले तर इथल्या शाळा भरलेल्या असतात. वर्ग, मैदान, स्वच्छतागृह, शिक्षक मुलांशी कोणत्या भाषेत बोलतात, हे सगळं प्रत्यक्ष पाहता येतं. मे महिन्यात आलात तर शाळांना कुलूप असतं. इथली उन्हाळी सुट्टी एप्रिलमध्येच लागते आणि नवं वर्ष साधारण जूनच्या सुरुवातीला सुरू होतं, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा आधी. प्रवेशाची धावपळही त्या हिशेबानं लवकर करावी लागते.

दिवाळीत येताना १ नोव्हेंबर मात्र टाळा. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सवाची मोठी मिरवणूक असते आणि मराठी भाषिक तो काळा दिन म्हणून पाळतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचं हे दुखणं आहे, या भागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि इथल्या माणसांच्या मनात तो रोज असतो. बाहेरून आलेल्या कुटुंबानं त्या दिवशी रस्त्यावर असण्याची गरज नाही. तसंच डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. तेव्हा हॉटेलं मंत्री-आमदार आणि बंदोबस्तातल्या पोलिसांनी भरतात, मोर्चे असतात, हलग्याजवळ हायवे तुंबतो. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या एसटी हद्दीवर थांबतात, डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये तसं झालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी इथल्या ओळखीच्या माणसाला एक फोन करा. तेवढं पुरतं.

दिवाळीत पसंत पडलेली जागा पुढच्या जुलैमध्ये एकदा पुन्हा पाहा. हे मी आग्रहानं सांगतो. बेळगावचा पाऊस घराचं खरं रूप दाखवतो.

येताना

कोल्हापूर सोडलं की कागल आणि दूधगंगा ओलांडून कोगनोळीचा टोल. इथून कर्नाटक. पुढं निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोल, वंटमुरी, काकती आणि बेळगाव. कोल्हापूरपासून सुमारे ११० किलोमीटर. सातारा ते कागल टप्प्यात रुंदीकरणाची कामं बरीच वर्षं रेंगाळलीत, तेव्हा पुण्याहून येताना दोन तास जास्तीचे धरा. पुराच्या दिवसांत हा रस्ता बंद पडू शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं.

भुतरामनहट्टीचं छोटं प्राणिसंग्रहालय हायवेलगतच आहे. पाच-सहा तास गाडीत बसलेल्या मुलांना तिथं तासभर मोकळं सोडा, म्हणजे संध्याकाळी ती शहाण्यासारखी वागतील.

मुक्काम हायवेवरच्या हॉटेलात करू नका. टिळकवाडी, शहापूर, हनुमाननगर, सदाशिवनगर अशा ज्या भागात घर घ्यायचा विचार आहे तिथंच, पाहुण्यांकडे किंवा साध्या लॉजमध्ये राहा. सकाळी साडेसहाला गल्लीतून पायी फेरी मारली की दूधवाला कुठं थांबतो, शाळेची बस कुठून वळते, कचऱ्याची गाडी येते की नाही, हे आपोआप दिसतं.

पहिला दिवस शहराचा

पहिला प्रश्न पाण्याचा. शहराला पाणी येतं राकसकोपच्या जलाशयातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून. काही प्रभागांत चोवीस तास पाण्याची योजना २००८ च्या सुमारास सुरू झाली आणि ती चालली. बाकी भागात पाणी काही दिवसांआड येतं. एजंटाला विचारलंत तर तो "पाण्याचं काही टेन्शन नाही" म्हणेल. त्यापेक्षा दारात रांगोळी काढणाऱ्या बाईंना विचारा, "काकू, तुमच्याकडं पाणी कितव्या दिवशी येतंय?" उत्तर साधारण असं मिळतं: "पाच दिवसांनी येतंय बघा. उन्हाळ्यात आठ दिवस बी लागत्यात. पर आमची हीर हाय की परसात, काय कमी पडत न्हाई." या एका उत्तरात निम्मी माहिती आली. शहापूर-टिळकवाडीच्या जुन्या घरांत विहिरी आहेत. जुनं घर बघताना विहिरीत डोकावून पाहा. पाणी उपसलं जातंय की वर शेवाळ धरलंय, एप्रिल-मेमध्ये तळ लागतो का, शेजारच्या ड्रेनेजचं पाणी मुरतं का, हे शेजाऱ्यांकडून खात्री करून घ्या. नव्या अपार्टमेंटमध्ये बोअर किती खोल गेली आणि टँकर महिन्याला किती लागतात ते सोसायटीच्या वहीत दिसतं. वही मागायला लाजू नका.

दुसरी गोष्ट पश्चिमेची भिंत. इथला पाऊस पश्चिमेकडून तिरका मारतो. जुनी मंडळी त्या भिंतीला पत्रा मारून घेतात. तसा पत्रा दिसला तर तो दोष समजू नका, घरमालकाला घराची काळजी आहे असं समजा. आत जाऊन त्याच भिंतीला खालपासून कमरेपर्यंत हात लावा. दिवाळीपर्यंत ओल सुकलेली असते, पण रंग फुगून पापुद्रे आलेले असतात, कपाटामागं पांढरे क्षार साठलेले असतात आणि कपाटाच्या तळाची फळी मऊ लागते. नव्यानं रंग दिलेली एकच भिंत असेल तर का दिला ते विचारा.

तिसरी गोष्ट नाले. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात दरवर्षी पसरतं. तिथं स्वस्त प्लॉट निघाला तर त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

दुपारी मुलांना घेऊन जुन्या गावात या. किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची, रट्ट राजवटीतली. छतावरचं दगडी कमळ पाहताना लहान मुलंसुद्धा गप्प होतात. टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे. १९२४ च्या अधिवेशनासाठी ती खोदली आणि महात्मा गांधी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते ते हेच. संध्याकाळी गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार पायी फिरा. भाजीवाली मराठीत भाव सांगते, कापडवाला तिच्याशी कन्नडमध्ये आणि तुमच्याशी मराठीत बोलतो, मागून कुणी कोंकणी किंवा उर्दूत हाक मारतं. दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये आहेत. २०२४ च्या कायदादुरुस्तीनं पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असणं बंधनकारक आहे. इथं धंदा टाकायचा असेल तर हे आत्ताच लक्षात ठेवा.

दवाखान्याचा रस्ताही याच दिवशी गाडीनं मोजून घ्या. नेहरूनगरचं केएलईचं इस्पितळ आणि सरकारी बिम्स ही दोन मोठी ठिकाणं. घरापासून तिथं सकाळी दहाला पोचायला किती वेळ लागतो ते पाहा, रात्रीचा रिकामा रस्ता पाहून अंदाज बांधू नका. आई-वडील सोबत राहणार असतील तर माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं.

दुसरा दिवस पश्चिमेचा: मलप्रभेच्या उगमाकडे

सकाळी लवकर जांबोटीच्या रस्त्यानं कणकुंबीला जा. पेट्रोल शहरातच भरा, वाटेत मोबाइलची रेंज जाते तेव्हा नकाशा आधी उतरवून ठेवा. कणकुंबीला माउली देवीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. हीच नदी पुढं दोन दिवस तुमच्या सोबत ठेवायची, मुलांनाही यात गोडी वाटते. म्हादईच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटकात जो वाद चालू आहे तो ज्या कळसा नाल्याचा, तोही याच परिसरातला. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये झालं. त्याच्या आत जायला वनखात्याची परवानगी लागते, ती घेऊनच जा.

पुढं चोर्ला घाट गोव्यात उतरतो. वेळ असला तर थोडं उतरून परत फिरा, पण पावसाळ्यात हा रस्ता खड्ड्यांनी आणि अवजड वाहनांनी भरतो. "बेळगावहून गोवा दोन तासांवर" असं सांगून फार्महाऊसचे प्लॉट विकले जातात, त्यांनी जुलैत हा घाट एकदा चढून दाखवावा.

परतताना जांबोटीहून खानापूरला वळा. खानापूर तालुका म्हणजे भात, कौलं, मातीची भांडी आणि गर्द झाडी. मलप्रभा असोग्याला शांत वाहते, जेवणाचा डबा तिथं उघडा. हलशीला कदंबांची राजधानी होती, भूवराह नरसिंहाचं देऊळ पाहण्यासारखं आहे. नंदगडला कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे लढवय्ये संगोळी रायण्णा यांची समाधी आहे. त्यांना इंग्रजांनी १८३१ मध्ये इथंच फाशी दिलं. इतिहासाचं पुस्तक बाजूला ठेवून मुलांना दोन्ही भाषांमधला सामायिक इतिहास दाखवायला इतकी चांगली जागा दुसरी नाही.

राहण्याच्या दृष्टीनं खानापूर मराठी माणसाला फार आपलं वाटतं. माझाही जीव या तालुक्यावर आहे, म्हणूनच स्पष्ट सांगतो. शेतात गवे, रानडुकरं येतात, अधूनमधून हत्तीही. आतल्या काही गावांचा पावसाळ्यात पूल बुडून संपर्क तुटतो. आजारी माणसाला बेळगावलाच न्यावं लागतं. खानापूर शहर किंवा बेळगाव-खानापूर रस्त्यालगतची गावं यांत राहणं सोयीचं आहे, रेल्वेही आहे. जंगलालगत घर बांधायचं असेल तर बांधकामावर कोणती बंधनं आहेत ते वनखात्यातून लेखी घ्या.

तिसरा दिवस पूर्वेचा

पुणे-बंगळूर हायवेनं दक्षिणेला निघालं की हिरेबागेवाडीचा टोल लागतो आणि पुढं एम. के. हुबळीला तीच मलप्रभा पुलाखाली भेटते. थोडं पुढं कित्तूर. राणी चन्नम्मांनी १८२४ मध्ये इंग्रजांशी लढाई दिली तो किल्ला पडका आहे, पण फिरायला ऐसपैस आहे. मग बैलहोंगलवरून सौंदत्ती. नदी इथं नविलुतीर्थच्या धरणात अडवलीय. सौंदत्तीला यल्लम्माचं दर्शन घ्यायचं असेल तर पौर्णिमा टाळून जा, महाराष्ट्रातूनही त्या वेळी प्रचंड गर्दी येते.

तिथून यरगट्टीमार्गे गोकाक. इथं घटप्रभा सुमारे ५२ मीटरवरून कोसळते. पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवसच ती तशी दिसते, उन्हाळ्यात नुसता कातळ. करदंट ही इथली मिठाई गोकाकलाच घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचं पाणी गोकाक गावात शिरलं होतं, नदीकाठच्या घरांच्या भिंती पाहताना ते विसरू नका.

या पट्ट्यात जमीन काळी, उन्हाळा कडक आणि रोजचा व्यवहार कन्नडमध्ये. ऊस, मका करणाऱ्याला, कारखान्यात नोकरी असणाऱ्याला इथं राहण्यात काही अडचण नाही, पण मग घरातल्या सगळ्यांनी कन्नड शिकायची तयारी हवी. खरं तर ती बेळगावातही हवी. "बर्री" (या) म्हणून स्वागत करणाऱ्या दुकानदाराला "एष्ट री?" (कितीला हो?) एवढं विचारलं तरी चेहरा खुलतो. या भागातली माणसं भाषेच्या भांडणापेक्षा फार मोठ्या मनाची आहेत.

परतीच्या वाटेवर निपाणी

निपाणी बहुतेक लोक हायवेवरून बघतात आणि पुढं जातात. आत शिरा. तंबाखू आणि विड्यांवर वाढलेलं हे गाव बोलण्या-चालण्यात कोल्हापूरचंच. कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव ७५. महाराष्ट्रात नोकरी किंवा नातीगोती असलेल्यांना निपाणी बेळगावपेक्षा सोयीचं पडतं, पण मोठ्या दवाखान्यासाठी आणि कॉलेजासाठी बाहेर जावं लागतं.

शाळेचं गणित

इथं घाई नको. २०१५ च्या कायद्यानुसार कर्नाटकातल्या शाळांत पहिली ते दहावी कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते, मराठी आणि इंग्रजी माध्यमातही. लहान मूल खेळता खेळता शिकतं. आठवीतल्या मुलाला मात्र नवी लिपी, नवी भाषा आणि दोन वर्षांवर बोर्ड असं एकदम अंगावर येतं. तेव्हा मूल चौथी-पाचवीच्या आत असेल तर या, किंवा दहावी होऊ द्या.

पुढच्या प्रवेशाचाही विचार करा. कर्नाटकच्या सीईटीत राज्यातल्या जागेसाठी सर्वसाधारणपणे पहिली ते बारावीपैकी किमान ७ वर्षांचं शिक्षण कर्नाटकात झालेलं असावं लागतं. दुसरीकडे महाराष्ट्र सरकारनं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांसाठी महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत वेगळी तरतूद आहे. तुमचं गाव त्या यादीत आहे का आणि रहिवासाच्या अटी काय आहेत, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा. राखीव प्रवर्गातल्या कुटुंबांनी हेही ध्यानात घ्यावं की महाराष्ट्रातल्या जातीच्या दाखल्यावर कर्नाटकात आरक्षणाचा लाभ मिळत नाही.

पसंत पडलं तर कागद

या सहलीत इसार देऊ नका. कितीही आवडलं, विकणारा कितीही घाई करू दे, फक्त कागदांच्या नकला घेऊन घरी जा.

२०२० मध्ये कर्नाटकानं जमीन सुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. महाराष्ट्रातल्यासारखा शेतकरी असल्याचा दाखला लागत नाही. म्हणून बाहेरची गर्दी वाढली आणि फसवणूकही. आपल्या सातबाऱ्याच्या जागी इथं पहाणी असते, आरटीसी म्हणतात ती, आणि ती कन्नडमध्ये असते. विकणाऱ्यानं वाचून दाखवलेल्यावर विसंबू नका. स्वतःच्या वकिलाकडून ९ व्या रकान्यातलं मालकाचं नाव आणि ११ व्या रकान्यातले बोजे वाचून घ्या. बँकेचं कर्ज, कोर्टाचा मनाई हुकूम, संपादनाची नोंद तिथं सापडते. सरकारनं अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना दिलेली जमीन १९७८ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय विकता येत नाही, तेव्हा जमीन मूळची कशी मिळालेली आहे ते मागच्या फेरफारांतून शोधावं लागतं.

प्लॉट असेल तर तो एनए आहे का, लेआउटला बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, मंजुरी आहे का, ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा संगणकीय उतारा, निघालाय का, आणि मागच्या तीस वर्षांचा ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, इतकं पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नका. बेळगावभोवतीच्या रिंगरोडचं आणि कित्तूरमार्गे धारवाडला जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाचं भूसंपादन ज्या गावांतून आहे, तिथला सर्व्हे नंबर संपादन कार्यालयात तपासून घ्या. शेतकरी त्या जमिनींसाठी वर्षानुवर्षं लढतायत. त्यांच्या संकटातला तुकडा स्वस्त मिळाला म्हणून आपण घेऊ नये, आणि घेतला तरी तो हातात राहण्याची खात्री नाही.

माझा सल्ला, पहिलं वर्ष भाड्यानं राहा. अकरा महिन्यांचा करार करा, विजेचं मीटर कुणाच्या नावावर आहे ते पाहा. २०२३ पासूनच्या गृहज्योती योजनेत भाडेकरूलाही २०० युनिटपर्यंत सवलत मिळते, त्यासाठी हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलाचा नंबर आणि भाडेकरार जोडावा लागतो. त्या वर्षात पाऊसही बघून होतो, उन्हाळाही.

राहिली गाडी. महाराष्ट्राच्या नंबरची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथं ठेवायची असेल तर आधीच्या आरटीओची एनओसी आणून ती कर्नाटकात नोंदवावी लागते आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. बेळगावचा नंबर केए २२, निपाणी-चिक्कोडीकडचा केए २३. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी मूळ पावती लागते. निघण्याआधी ती शोधून फाइलमध्ये लावा.